हातचा एक

दर तिमाहीला मी एक तक्ता भरते.
डावीकडे धंदे, उजवीकडे माणसं,
मधे एक चिन्ह : अधिक किंवा उणे.
कोस्किलाम्पी नगरपालिका, दुसरा मजला.
खिडकीतून पूर्वी कागद गिरणीचा धूर दिसायचा,
आता नुसतं आभाळ, भलतंच मोठं.

कागद : उणे तीनशे सत्त्याऐंशी.
हा आकडा लिहायला
पेनाला शाईचा थेंबसुद्धा लागला नसेल.

गिरणी होती तेव्हा वारा उत्तरेकडे फिरला
की गावभर उकडलेल्या कोबीचा वास सुटे.
आई धावत जाऊन दोरीवरच्या चादरी आत आणी,
गिरणीला शिव्या घाली,
आणि गिरणीच्याच पगारातून साबण आणी.
आता चादरी दिवसभर बाहेर असतात.
वास नाही, घाई नाही,
संध्याकाळी काढायचंही विसरतं कुणी कुणी.

डेटा सेंटर : अधिक एकोणतीस.
गिरणीच्याच जागेत, खिडक्या बुजवून.
एकोणतिसांपैकी अकरा जण फाटकावर उभे असतात,
आतलं काय राखतो ते त्यांनाही ठाऊक नाही.
यंत्रांना थंड करून पाणी कोमट होऊन नदीत येतं,
म्हणून यंदा पुलाखाली बर्फ धरला नाही
आणि बदकं दक्षिणेला गेलीच नाहीत.
यांना कोणत्या रकान्यात घालू, मी मेर्वीबाईंना विचारलं.
त्या हसल्या नाहीत.
त्यांचा नवरा तीनशे सत्त्याऐंशींतला.

लाकूडतोड, उणे चौदा.
गोदाम, अधिक बावीस, पण नाताळापुरते.
वृद्धसेवा, अधिक एकसष्ट.
गाव म्हातारं होतंय, हाच काय तो भरभराटीचा धंदा.

एकसष्टांतला एक इल्का केत्तुनेन, वय चोपन्न.
तीन नंबरच्या मशीनवर एकतीस वर्षं.
धावत्या कागदाजवळ हाताची पाठ नेऊन
ओल किती ते सांगायचा,
मीटर नंतर त्याच्याशी सहमत व्हायचा.
मग सात महिन्यांचा कोर्स,
एकोणीस-वीसच्या मुलींमधे मागच्या बाकावर.
मनिलाहून आलेल्या मारिसेलने शिकवलं त्याला
झोपलेल्या माणसाला न दुखवता कुशीवर कसं वळवायचं.

पहिल्याच आठवड्यात पलंगावर कोण, तर वेइयो,
त्याच्या पाळीचा जुना फोरमन,
ज्याने एकदा त्याचा अर्ध्या दिवसाचा पगार कापला होता.
इल्का चादर ओढून ओढून सपाट करतो.
इथे सुरकुती राहिली तर पाठीला जखम होते.
तिथे सुरकुती राहिली तर कागद फाटायचा,
आणि सगळी पाळी धावत सुटायची.

वेइयोला आता बायकोचं नाव आठवत नाही.
तो विचारतो : तीन नंबर चालू आहे ना?
चालू आहे, इल्का म्हणतो.
वेग?
चांगला आहे.
रोज रात्री एवढंच. मग वेइयो झोपतो.

कागदात उणे एक, सेवेत अधिक एक,
माझ्या तक्त्यात इल्काची बेरीज शून्य.
शाळेत गणिताच्या बाई पट्टी आपटून सांगायच्या,
हातचा विसरू नका!
पण इथे हातच्याला रकाना नाही.
एकतीस वर्षांचं हातचं काम
कुठल्या घरात मिळवायचं, कुणी सांगितलेलं नाही.
पगारातली घट वेगळ्या तक्त्यात जाते,
तो तिसऱ्या मजल्यावर भरतात.

काल इल्का आला होता, कोर्सच्या भत्त्याच्या कागदावर सही करायला.
मी फॉर्म छापून दिला.
प्रिंटरशेजारच्या पुडक्यावर दूरच्या कुठल्यातरी देशाचं नाव.
त्याने मजकूर वाचलाच नाही.
पान उजेडाकडे धरलं,
हाताची पाठ हलकेच त्यावरून फिरवली
आणि म्हणाला, ओल जास्त आहे. अडकेल तुझ्या मशीनमधे.

मग माझंच पेन मागून
दाखवलेल्या चौकटीत सही केली.
तो गेल्यावर मी पुढचं पान छापायला टाकलं.
अडकलं.